आजोबांची बुडालेली बोट

आजोबांची बोट दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत बुडाली आणि आजोबा वाचले, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते तिच्यावर आगवाले होते, म्हणजे तळाशी बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम. बोट ब्रिटिश नौदलाच्या दिमतीला होती, पण लढणारी नव्हे. पीठ, बटाटे, डब्यातलं मटण, दारूगोळा असं काय काय भरून ती लढाऊ बोटींना पोचवायची.

आम्ही राहायचो इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत. वडील कारच्या कारखान्यात होते. समुद्र तिथून लांब, तरी दर उन्हाळ्यात ते आम्हाला गाडीत घालून कुठल्या तरी किनाऱ्यावर न्यायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचे आणि सुपरमार्केटमधून आणलेली फुलं एकेक करून सोडायचे. आजोबांबरोबर कामाला असलेली जी माणसं बोटीत खालीच राहिली, त्यांच्यासाठी.

एकच गोष्ट जुळत नव्हती. सुट्टीत भारतात गावी गेलो की आजोबा सांगायचे, "नंतर मी परत त्याच बोटीवर गेलो. चांगल्या दोन-तीन सफरी केल्या."

काका हसायचे. "बुडालेल्या बोटीवर कसे गेलात?"

"गेलो तर गेलो," आजोबा म्हणायचे आणि विडी पेटवायचे. आम्ही वयावर ढकलून ते सोडून दिलं.

आई गेल्यावर वडील माझ्याकडे कार्डिफला राहायला आले. मी इथे हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. जुन्या डॉकजवळच्या हॉलमध्ये काही हौशी मंडळी लढाईतल्या बोटींची माहिती शोधून देतात, असं माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीनं सांगितलं. म्हणून एका शनिवारी वडिलांना घेऊन गेले.

टेबलापाशी एक निवृत्त शिक्षक लॅपटॉप उघडून बसले होते. वडिलांनी बोटीचं नाव आजोबा उच्चारायचे तसं सांगितलं, मग इंग्रजीत असेल तसं, मग आणखी एकदा वेगळं. शिक्षकांनी बराच वेळ शोधलं.

"ही असावी," ते म्हणाले. "ही बुडाली हे खरं. पण बंदरातच, उथळ पाण्यात. बॉम्ब पडला आणि ती तळाला टेकली. डेक पाण्याच्या वरच होता. पुढे तिला वर काढून दुरुस्त केलं, नाव बदललं आणि पुन्हा सामान वाहायला लावलं. लढाईनंतर ती विकली. बरीच वर्षं फिरून शेवटी मुंबईत भंगारात गेली."

"मुंबईत?" वडील म्हणाले. "नाही, ती दुसरी कुठली तरी असेल."

"असू शकेल. याच्यासारख्याच नावाची आणखी एक बोट होती. ती भर समुद्रात बुडाली. तुमचे वडील कुठल्या बोटीवर होते, मी खात्रीनं नाही सांगू शकत. ते पोहत बाहेर आले का?"

"त्यांना पोहता येत नव्हतं. जेटीवरून कुणीतरी दोर टाकला, त्याला धरून ते..." वडील मध्येच थांबले. ही दोराची गोष्ट मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकली होती. भर समुद्रात जेटी कुठून आली, हे कधी त्यांना सुचलं नव्हतं आणि मलाही नाही.

गाडीत त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "अगं, मग ती माणसं?"

"माणसं गेलीच ना, बाबा. खाली पाणी शिरलं तेव्हाच."

"पण बोट वर काढली तेव्हा त्यांनाही काढलं असणार. कुठेतरी पुरलं असणार. म्हणजे ते जमिनीत आणि मी इतकी वर्षं समुद्रात फुलं सोडतोय."

सिग्नल हिरवा झालेलाही मला कळला नाही, मागच्यानं हॉर्न दिला.

"आणि तुझे आजोबा परत तिथेच जाऊन उभे राहिले?" ते म्हणाले. "त्याच बॉयलरपाशी? कसे राहिले असतील? आणि आम्ही हसत होतो."

घरी माझ्या मुलीनं विचारलं, "मग पणजोबाचा बोट बुडला का नाही बुडला?" तिचा जन्म इथलाच, मराठी अशीच. मी म्हटलं, बुडाली आणि नंतर वर काढली. वडील म्हणाले, अजून नक्की नाही.

त्या माणसांना कुठे पुरलं ते विचारायला वडिलांनी मला शिक्षकांना दोनदा फोन करायला लावला. त्यांनाही सापडलं नाही. कदाचित त्या बंदरात दफनभूमी असेल, कदाचित नसेल, म्हणाले. या उन्हाळ्यात समुद्रावर जायचं का, असं मी विचारलं, तर वडील म्हणाले, "बघू." आम्ही गेलो नाही.

अलीकडे कुणी पाहुणे आले की ते गोष्ट पुन्हा सांगतात. कधी दोर जेटीवरून येतो, कधी शेजारच्या बोटीवरून. मी दुरुस्त करायला तोंड उघडते आणि पाहुण्यांना चहाचं विचारते. आधी ते नेमकं काय सांगायचे, हे आता मलाही नीटसं आठवत नाही.