दांडा वेगळा, पाते वेगळे

"दांडा काढ," जमादार म्हणाला.

कुऱ्हाड त्याने माझ्या हातात दिली. माझा भाऊ दत्तू बैलांचे कासरे धरून उभा होता, म्हणून हे काम माझ्याकडे आले. झरीजवळचा नाका. भर दुपार. आमच्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, जिंतूरहून घेतलेली सवारी होती. एक लेकुरवाळी बाई आणि तिचा म्हातारा सासरा. दोघे छपराखाली अंग चोरून बसलेले. मी दांडा ओढला. निघेना. पाचर घट्ट बसली होती. चाकाच्या धावेवर आपटला. तरी निघेना. शिपाई हसायला लागले.

मागे देशमुखांची मोटार येऊन थांबली होती. तीत त्यांचा मुलगा. सगळे त्याला धाकटे मालक म्हणत. माझ्याच वयाचा, परभणीच्या शाळेत माझ्याच वर्गात बसलेला. त्याच्या मांडीवर पिस्तूल होते. लपवलेले नव्हते. मांडीवर मांजर घेऊन बसावे तसा तो त्याच्यावरून हात फिरवत होता. त्याने मान बाहेर काढली.

"काय रं पंडिता! येवढी बुकं वाचलास आन दांडा निघंना व्हय? थुकी लाव, थुकी!"

जमादाराला ते आवडले. "लाव थुकी," तो मला म्हणाला. तो हसत नव्हता. तो हुकूम होता.

मी थुंकलो. आमच्या घरच्या कुऱ्हाडीवर. दसऱ्याला माय जिला हळदकुंकू लावते त्या कुऱ्हाडीवर. त्या बाईने तोंड फिरवले. तिला माझी लाज वाटली असावी, किंवा दया आली असावी. दोन्ही मला सारखेच वाटले.

पाते पोत्यात घालून पोत्याचे तोंड बांधायला लावले. दांडा वैरणीखाली. मग दमणी कडेला घ्यायला लावून जमादाराने मोटारीला सलाम ठोकला. मोटार गेली. पिस्तुलाबद्दल कोणी एक अक्षर बोलले नाही. उडालेला फुफाटा आमच्या तोंडावर बसला. दत्तूने तो पुसला नाही. बैलांच्या डोळ्यांवरचा मात्र पुसला.

मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, ती शेवटची वर्षे. रस्त्यावर कोणाचा भरवसा नव्हता. वाटमारी वाढली होती आणि तिच्यासोबत सरकारचे नियमही वाढले होते. परवान्याशिवाय रस्त्याने हत्यार न्यायचे नाही. दांड्यासकट कुऱ्हाड म्हणजे हत्यार. दांडा वेगळा आणि पाते वेगळे असेल, तर ते शेतीचे अवजार. असे नाक्यावर ठरले होते. कोणी ठरवले, कुठे लिहिले आहे, हे विचारायची सोय नव्हती.

पहिल्या पहिल्यांदा लोक नाका ओलांडला की दांडा पुन्हा बसवत. पण पुढे परभणीच्या वेशीवर दुसरा नाका होता. तिथे पुन्हा काढायचा. पाचर ठोकायची, पाचर उपसायची. लोक कंटाळले. दोन नाक्यांच्या मधला सगळा रस्ता आमची माणसे पाते एकीकडे आणि दांडा एकीकडे ठेवून जाऊ लागली. मग घरूनच तसे निघू लागली. पुढे दत्तूही. त्याची सवय झाली. सवयीचे शहाणपण झाले. "कशाला कटकट?" असे म्हातारी माणसे म्हणत. नाक्यावर खोळंबा झाला नाही की घरी येऊन अभिमानाने सांगत.

वाटमाऱ्यांना हे ठाऊक होते. दोन नाक्यांच्या मधे बाभळीचा एक नाला लागतो. ते तिथेच बसत.

दत्तू माझ्याहून दीड वर्षाने मोठा. बाप गेल्यावर त्याने दमणी हाकायला घेतली आणि मला शाळेत ठेवले. लेकी माहेरी नेणे, सुना सासरी पोचवणे हे त्याचे काम. लोक त्याच्या भरवशावर अंगावरच्या दागिन्यांसकट पोरी धाडत. त्या थुंकण्याच्या दिवसानंतर मी त्याला म्हणालो, आपण परवाना मागू. एक लहान पिस्तूल. दमणीत ठेवायला.

तो खूप हसला. "तुला शिवायची सुई धरता येत न्हाई, पिस्तूल काय धरतूस!" मग "लिही," म्हणाला. "तू लिहायलास तर चांगलंच लिहिशील. तुझं नाव घाल. मला उर्दूत कुणी काही इचारलं तर मी बैलावानी मान हलवीन."

मी अर्ज लिहिला आणि जिंतूरच्या कचेरीत नेला. तिथला पेशकार, अर्ज घेणारा कारकून, वयस्कर होता, गोड बोलणारा. त्याने मला बसायला सांगितले नाही, पण बाबा म्हणाला.

"उमर?"

"उन्नीस."

"इक्कीस से कम को नई मिलता, बाबा."

मी म्हणालो, धाकट्या मालकांचे वयही एकोणीसच. आम्ही एका वर्गात होतो.

त्याला माझ्या अडाणीपणाची गंमत वाटली. "उनकी उमर नक्को पूछो. वो खानदान है. खानदान की उमर नई देखते."

"आणि मोटारीत?" मी विचारले. "ते तर रस्त्याने उघडे घेऊन फिरतात."

"वो मोटर में बैठते. मोटर मालिक की चारदीवारी है. घर में हथियार रखे सरीखा. तुम्हारी दमनी क्या है? दमनी तो रास्ताच है ना?"

मी त्याच्या मेजावरच्या माझ्या अर्जाकडे बघत राहिलो. त्याला वाटले मला समजले नाही. म्हणून त्याने मायेने आणखी समजावले. देशमुखांचा माणूस म्हणून नाव लागले, तर नोकराला मालकाचे हत्यार धरता येते. मग एकवीसची अट नाही. "किसी के हो जाओ," तो म्हणाला. एवढे बोलून त्याने माझा अर्ज चौकोनी दुमडला आणि डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायाखाली घातला. मेज स्थिर झाले. तो समाधानाने हसला.

त्या माणसाचा मला राग आला नाही. किळस आली. रागात समोरचा माणूस तरी दिसतो. मला तिथे माणूस दिसला नाही. गोड जिभेचे एक छिद्र दिसले, ज्यातून कोणाचीतरी सोय कायदा होऊन बाहेर पडत होती.

दत्तूला सांगितले. तो म्हणाला, "म्हंजे मोटार घर हाय, आन आपली दमणी रस्ता! मग आपण रस्त्यावर बसून रस्त्यावरूनच चाललाव की!" माय हसली. मीही हसलो. त्याचे ते शेवटचे हसणे नव्हते, पण मला आठवते ते तेच.

पुढच्या हंगामात तो एका सुनेला परभणीला पोचवून परत येत होता. एकटाच. दिवसाउजेडी. नाल्यात त्याला अडवले.

निरोप आला तेव्हा मी धावत गेलो. बैल सोडून नेले होते. दमणी जू टेकून वाकलेली. दत्तू चाकाजवळ पडला होता. उजव्या हातात नुसता दांडा. डावा हात पोत्यावर. पोत्याच्या तोंडाची गाठ अर्धी सुटलेली होती. त्या गाठीवर त्याच्या नखांच्या खुणा होत्या. मी ते पाहिले आहे. माझ्याआधी ज्यांनी पाहिले त्यांनी नजर वळवली. मी वळवली नाही. मी पुस्तकी माणूस. मला वाचायची सवय आहे.

पंचनाम्याला तोच जमादार आला. त्याने पोते सोडले. पाते बाहेर काढले, दांड्याशेजारी ठेवले, आणि मान डोलावली.

"दांडा अलग, पातं अलग," तो म्हणाला. "कायद्यानं चालणारा माणूस व्हता."

हे त्याने माझ्या सांत्वनासाठी म्हटले. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर आदर होता. मला तिथेच ओकारी झाली. लोक म्हणाले, पोराला रक्त बघवले नाही. रक्त मला बघवले होते.

तेराव्याला देशमुखांची मोटार आमच्या दारात आली. धाकटे मालक खाली उतरले. गावाला त्याचेच अप्रूप. कोणीतरी घोंगडी अंथरली. ते बसले नाहीत. मायला म्हणाले, "मावशी, दत्तू गेला, लय वाईट झालं." मग माझ्याकडे वळून त्यांनी कमरेचा पट्टा काढला. पिस्तुलासकट. माझ्या हातात दिला.

"उद्यापासून माझ्या मोटारीत म्होरं बसत जा. कमरेला ह्ये. आमचं वडील, आबासाहेब, तुझं नाव आमच्या परवान्यात घालत्याल. वय बिय कुणी इचारत न्हाई. शिकलेला माणूस जवळ असला म्हंजे साहेबलोकांत बरं दिसतंय."

पिस्तूल जड होते. कातडे ऊबदार होते, त्यांच्या अंगाच्या घामाने. मी खोटे लिहिणार नाही. क्षणभर माझी बोटे त्याच्याभोवती मिटली.

"घे लेकरा," माय म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. "एक गेलाय. तू तरी ऱ्हा."

तिला नाही म्हणणे सगळ्यात कठीण होते. मी तिच्याकडे न बघता मालकांना विचारले.

"तुम्ही मोटारीत नसाल तेव्हा? मी एकटाच दमणीने जिंतूरला निघालो, तर हे माझ्याजवळ राहील?"

त्यांना हसू आले. शाळेत मी अवघड गणित सोडवले की येई तेच.

"येडा का खुळा तू? तवा ते गढीवर ऱ्हाईल. ते काय तुझ्या जिवासाठी हाय व्हय रं?"

म्हणजे हाच तो हात. हीच ती कमर. हेच एकोणीस वर्षांचे वय. त्यांचा जीव राखायचा असेल तेव्हा माझा हात कायदेशीर, आणि माझा जीव राखायचा असेल तेव्हा तोच हात गुन्हेगार. दत्तू माझ्यासाठी शाळेची फी भरत होता ती बहुधा एवढे एक वाक्य मला समजावे म्हणून.

मी पट्टा त्यांच्या पायांजवळ ठेवला नाही. पायांजवळ ठेवणे म्हणजेही एक प्रकारचा नमस्कार झाला असता. त्यांच्या छातीला लावला. त्यांना तो पकडावा लागला.

"नको," मी म्हणालो.

"माजलास का?"

"नको म्हणालो."

मालक न म्हणता मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोललो होतो. घोंगडी अंथरणाऱ्याने ती गुंडाळायला घेतली. मोटार गेली. माय रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "तुला आता कोण राखंल?"

आता राज्य बदलले आहे. निजाम गेला. जिंतूरच्या रस्त्यावर तीच मोटार फिरते, पुढे नवा झेंडा लावून. धाकट्या मालकांनी पांढरी टोपी घातली आहे. सभांमध्ये त्यांच्या गळ्यात हार पडतात. कमरेला पिस्तूल आहेच. त्यांचे वय अजून कोणी विचारलेले नाही. नव्या कचेरीत मी पुन्हा गेलो होतो. नवा अधिकारी नम्र होता. मी नियम विचारला, तर त्याने मला विचारले, "देशमुखांची काही ओळख आहे का?"

मला पिस्तुलाची आवड नाही. ते हातात घेतले तेव्हा बोटे मिटली, त्याचीही पुढे शिसारीच आली. दमणीदमणीत पिस्तूल असावे असेही मी मागत नाही. ज्यांना ते नको आहे त्यांना नको. पण मग मोटारीतही नको. माझ्या वयाला नको असेल तर त्यांच्या वयाला नको. मला रस्त्यावर निःशस्त्र करायचे असेल, तर तो रस्ता राखायची जबाबदारी घ्या. ती घेतली नाही, तर माझे हात बांधायचा अधिकार तुम्हाला नाही. एवढे साधे आहे. हे कळायला मला भाऊ द्यावा लागला.

माझ्या गावात अजूनही लोक "कायद्यानं चालणारा" हे दत्तूचे कौतुक म्हणून सांगतात. मी ते आता बंद पाडतो. चारचौघांत उठून सांगतो की त्याला एकट्या वाटमाऱ्यांनी मारले नाही, त्या नियमानेही मारले. लोकांना आवडत नाही. मायलाही नाही.

यापुढे कोणताही नियम माझ्यासमोर आला, निजामाचा असो की आपला म्हणवणाऱ्यांचा, मी आधी एवढेच बघीन की तो कुणाला जिवंत ठेवतो. मला मरू देऊन दुसऱ्याला राखणारा असेल, तर मी तो पाळणार नाही. चोरून मोडणारही नाही. उघड मोडीन. दिवसा, शिपायांच्या तोंडावर, माझे आणि माझ्या भावाचे नाव मोठ्याने सांगून.