कृतिसंशोधनाचं बक्षीस

कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातली एखादी अडचण सोडवून तिचा अहवाल लिहायचा, असं म्हटलं की आम्हा मास्तरणींच्या कपाळाला आठ्या पडतात. कागदी घोडे नाचवायचे, दुसऱ्याचं उतरवून द्यायचं, झालं संशोधन! मी चंद्रपूरकडची, तोंडाची फटकळ. अहेरीपलीकडच्या शाळेत बदली झाल्यावर म्हटलं, करीन तर खरंच करीन, नाईतर जा उडत.

तिसरीतली एक पोरगी वर्गात तोंडच उघडत नव्हती. घरी गोंडी, शाळेत मराठी. बोलणार कशी बिचारी? मग मी खडू पोरांच्या हाती दिला. रोज सकाळी त्यांनी मला गोंडी शिकवायची, अन् त्याच शब्दांवरून मी त्यांना मराठी. मी पाण्याला 'एर' म्हणायचे, पण उच्चार असा वाकडा की पोरं हसून लोटपोट. एक दिवस ती पोरगी तरातरा पुढं आली, माझी हनुवटी धरली आणि गोंडीत चांगलं खडसावून मला तो शब्द नीट म्हणायला लावला. अगं माय, काय तो आवाज! दिवाळीनंतर तर तिला गप्प बसवायची पाळी आली. मोहफुलं वेचताना अस्वल दिसलं, ती गोष्ट तिनं अर्धी गोंडीत, अर्धी मराठीत साऱ्या वर्गाला सांगितली. मला रडूच आलं.

हे सारं घडलं तसं लिहून दिलं. जिल्ह्याला आवडलं. शाल, नारळ, टाळ्या, आणि वरून हुकूम: आता तुम्ही इतर शिक्षकांना शिकवा. मी भांडले. "बाई, एका वर्गापेक्षा सगळे वर्ग मोठे," साहेब म्हणाले. शाळा सुटली ती सुटलीच.

यंदा एका प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत एक तरुण शिक्षक जवळ आला. माझ्याच जागी नेमलेला, पोरगा भला.

"मॅडम, माझ्या वर्गात एक पोरगी हाय, मुकी. तिच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कुठी जा लागते?"

मी तिचं घर कुठलं ते विचारलं. तीच होती.

"अहो भाऊ, ती मुकी नाई!" मी इतक्या जोरात ओरडले की वरण वाढणारा जागीच थांबला.

"मंग बोलत काऊन नाई, मॅडम?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

"ज्या बाईले ती बोलणं शिकवत होती ना," मी म्हटलं, "ती बाई इकडं निघून आली."