चाखणं म्हणजे खाणं नव्हे

तार हातात पडली तेव्हा मला आधी राग आला. रडू फार उशिरा आलं, सांगलीच्या वाटेवर, कऱ्हाडच्या पुढे कुठंतरी. साताऱ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत तास भूगोलाचा होता, फळ्यावर कृष्णेचं खोरं अर्धं काढून झालं होतं आणि मोठ्या बाईंनी दारातूनच हाक मारली. दादा गेला, निघून या, एवढंच तारेत होतं. मी ती दोनदा वाचली आणि मनात पहिलं वाक्य आलं ते असं, ‘शेवटी ऐकलं नाहीसच ना.’ अशा वेळी बहिणीच्या मनात काय यावं याचे काही रिवाज असतील, पण माझा दादा असा होता की त्याच्यावर चिडल्याशिवाय माया करताच येत नसे. आज त्याला जाऊन पाच आठवडे झाले. राग अजून उतरलेला नाही.

दादा सांगलीच्या पेठेत एका अडत दुकानात गुळाचा पारखी होता. हंगामात गावोगावच्या गुऱ्हाळांवरून गाड्या येत, ढेपा उतरत आणि बोली लागायच्या आधी दादा त्यांच्यामधून फिरे. रंग बघे, अंगठ्याने दाबून बघे, मग सुरीच्या टोकाने एक खडा काढून तोंडात टाके आणि सांगे, हा वाळव्याकडचा, ऊस कोवळा तोडलाय. ह्या कढईत चुना जास्त पडलाय. सहसा चुकत नसे. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्याचा शब्द मानत, आणि हे पेठेत फार थोड्यांच्या वाट्याला येतं. सगळे त्याला बापू म्हणत. मी अठराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतले तेव्हा भावकीने माझी चुलीपुढची जागा ठरवून टाकली होती. दादाने कुणाला न विचारता मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात नेऊन घातलं. चुलत्यांनी वर्षभर बोलणं टाकलं, तर म्हणाला, “बरं झालं, कानाला जरा इसावा.” दुसऱ्याचं आयुष्य मार्गी लावायचं असलं की या माणसाला एका दिवसाचा उशीर खपत नसे. स्वतःचं काही निघालं की मात्र हंगाम, अधिक महिना, पाऊसपाणी, पाहुणेरावळे, सगळं आडवं यायचं...

लढाई सुरू होऊन तीनेक वर्षं झाली असतील. साखर रेशनवर गेली आणि गुळाला दिवस आले. त्या वर्षी वहिनीने शेजारच्या मास्तरांकडून मला पत्र लिहवलं. हे रात्रंदिवस पाणी पितात, अंगावर मांस राहिलेलं नाही, मोरीत मुंग्यांची रांग लागते. मी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने सांगली गाठली आणि त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे चार-सहा थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. डॉक्टर गंभीर झाले. दादा मात्र वाकून नळीकडे निरखून बघत म्हणाला, “रंग झकास आलाय, डाक्टरसाब. एक नंबर माल.”

डॉक्टर हसले नाहीत. गोड बंद, भात कमी, सकाळी दोन मैल चालायचं, अनवाणी फिरायचं नाही, पायाला जखम झाली तर अंगावर काढायची नाही, आणि गरज पडली तर सुई घ्यायची. दादा सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखा हात जोडून सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “एवढा हंगाम जाऊ दे, शाले. मग बग कसा वागतो त्ये.”

हंगाम गेला. मग पाव्हण्यांच्यात लग्न निघालं. मग उन्हाळा, आणि उन्हात चालून माणूस पित्तानं मरतो म्हणे. पावसाळ्यात नदीकाठ निसरडा. त्यातून ते चळवळीचे दिवस. पहाटे रस्त्यानं एकटं चालणाऱ्याला पोलीस हटकतात, असं त्याने मला अगदी गंभीरपणे लिहवून कळवलं. मी उलट लिहिलं, की पन्नाशीचा, हाडं वर आलेला गूळवाला बघून कुठला पोलीस घाबरणार आहे? समोर गाठून विचारलं तर म्हणे, “दिवसभर पेठंत हुबाच आस्तो की. आनि काय चालायचं?” पायात वहाणा घाल म्हटलं तर म्हणे गूळ म्हणजे लक्ष्मी, ढेपांमधून वहाणा घालून फिरलं तर लोक काय म्हणतील. आणि सगळ्यांत मोठं ब्रह्मास्त्र हे, की “मी गूळ खातो कुटं? मी चाकतो. चाकणं म्हंजे खाणं न्हवं.” हे वाक्य तो इतक्या खात्रीने म्हणायचा की दोन-चार वेळा मीसुद्धा गप्प बसले. शिकलेली बाई मी, मुलींना आरोग्यशास्त्र शिकवणारी!

एकदा त्याचं पत्र आलं. “डाक्टरनं नळी तापवली. निळीच्या निळी ऱ्हायली. तू उगं बोंबलत हुतीस.” मी ते पत्र शाळेत सगळ्यांना दाखवलं, गणपतीला नारळ फोडला. पुढच्या भेटीत वहिनीने मला परसात गाठून हळूच सांगितलं, “वन्सं, डाक्टरकडं जायच्या आदी दोन दिस त्येंनी ताकाबिगर कायबी घेटलं न्हाई. तिसऱ्या दिशी दवाखान्यातनं आलं आन बसून सा पुरणपोळ्या खाल्ल्या.” मी कपाळाला हात लावला. डॉक्टरला फसवून हा माणूस कुणाचा फायदा करत होता? परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोरीला मी बाकावर उभी करते. याला कुठं उभा करू?

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी ठरवूनच सांगलीला गेले. सकाळपासून पेठेत त्याच्या मागोमाग हिंडले. त्याने एक खडा तोंडात टाकला की त्याच ढेपेचा तेवढाच खडा मी माझ्या पदराच्या टोकाला बांधलेल्या फडक्यात टाकायची. लोकांना वाटलं, बापूची बहीण प्रसादाला गूळ गोळा करते आहे. दिवे लागायच्या सुमाराला घरी आलो. मी वहिनीकडून तराजू मागून घेतला आणि त्याच्यासमोर ते फडकं पारड्यात ठेवलं. पावशेराच्या वर भरलं. दादा जेवायला बसला होता. त्याने घास तसाच ताटात ठेवला.

“एवडा?” तो म्हणाला.

“एवढा. एका दिवसाचा. आणि आज गाड्या कमी होत्या.”

त्याने फडकं पारड्यातून उचलून स्वतःच्या तळहातावर तोलून बघितलं. मग पहिल्यांदाच, म्हणजे माझ्या आठवणीत खरोखर पहिल्यांदाच, हंगामाचं नाव न घेता म्हणाला, “उद्यापास्नं बंद.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने खरंच बंद केलं. नुसत्या रंगावर, वासावर, दाबून आणि मोडून तो पारख करू लागला, आणि तरीही चुकेना. फक्त पेठेत घालायला म्हणून कापडी बूट घेतले. पहाटे आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन येऊ लागला. दोन महिन्यांत तोंडावर तजेला आला. वहिनी सांगायची, तहान कमी झाली, झोप लागते. मी साताऱ्यात बसून इतकी खूश होते की वर्गात पोरींवर रागवायचीच विसरले.

मग आला ज्ञानूतात्या. वाळव्याकडचा म्हातारा शेतकरी, दादाचा वीस वर्षांपासूनचा माणूस. नवं गुऱ्हाळ घातलेलं, पहिल्या कढईचा गूळ खास बापूसाठी म्हणून घेऊन आलेला. दादाने ढेप बघितली, मोडली, हुंगली आणि भाव लावायला सांगितला. तात्या तिथंच उभा. “आवं बापू, तोंडात घाला की. काय इटाळ झालाय व्हय माज्या गुळाला?” दादाने खडा उचलला आणि तोंडात टाकला. तात्याचा चाखला म्हणताना शेजारच्या गाडीवाल्याचा का नाही? संध्याकाळपर्यंत सगळं पहिल्यासारखं झालं होतं. हे मला दादानेच सांगितलं, आणि वर म्हणाला, “म्हातारा माज्या तोंडाकडं डोळं लावून हुबा हुता. त्येचं मन कसं मोडू?”

मी म्हटलं, त्याला आजार सांगायचा होतास. तर त्याने आधी उठून दार लोटलं. मग म्हणाला, “गुळाच्या पारख्याला गोडाचा रोग हाय म्हनून पेठंत कळलं, की कोन इस्वास ठेवंल माज्या जिबंवर? कुनाला बोलायचं न्हाई, शाले. गळ्याची आन हाय.” तेव्हा मला कळलं की हंगाम, पोलीस, लक्ष्मी आणि तात्याचं मन, ह्या सगळ्यांच्या आड ही एवढी एकच गोष्ट दडून बसली होती. त्याला लाज वाटत होती. आणि मी त्याच्या गळ्याची आण पाळली. त्याला वाईट वाटेल, पेठेत त्याचा मान जाईल, मी कोण मध्ये पडणार... माझ्याकडेही कारणं काही कमी नव्हती.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा त्याचा उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला होता. पेठेत खिळा लागला म्हणे, दसऱ्याच्या आधी. बूट कधीच माळ्यावर गेले होते. खोलीत वास येत होता आणि वहिनी उदबत्तीवर उदबत्ती लावत होती. मिरजेच्या मोठ्या इस्पितळात जायला डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलेलं होतं. विधवेने ओवाळू नये म्हणणाऱ्या भावकीच्या नाकावर टिच्चून दादा दर वर्षी माझ्यापुढे पाटावर बसायचा, तसा त्या दिवशीही बसला, पाय लांब करून. मी तबक खाली ठेवलं. म्हटलं, “आधी मिरजेला चल, मग ओवाळते.”

“पाय काडला तर ढेपांतनं फिरू कसा? हंगाम तोंडावर आलाय. हंगाम झाल्यावर ववाळ की. मी कुटं पळतोय?”

मी ओवाळलं नाही. संध्याकाळच्या गाडीने चिडून परत आले. मला वाटलं होतं, याने तरी हलेल. तो हलला नाही. महिन्याभरात विष अंगभर गेलं.

तेराव्याला पेठ लोटली. ज्ञानूतात्या ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. त्याने वहिनीला विचारलं की एवढा धट्टाकट्टा माणूस, झालं तरी काय? वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, नळीपासून गळ्याच्या आणेपर्यंत. तात्याने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. “आमाला सांगितलं आस्तं, बाई,” तो म्हणाला, “तर आमी काय गुळाचा खडा त्येच्या तोंडात कोंबला आस्ता व्हय? मीच पेठंत हुबा ऱ्हाऊन सांगितलं आस्तं, बापूनं नुस्ता वास घ्यावा, त्यो म्हनंल तो भाव.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमाला म्हाईत हुतं?” मी हो म्हटलं. तो उठून बाहेर गेला. मला बोलला असता तर बरं झालं असतं. चार वर्षं मी दादाच्या नावाने शंख केला, पत्रं लिहिली, तराजू मांडला, ओवाळणी अडवली, आणि करायची ती एकच गोष्ट केली नाही, कारण ती अवघड होती.

साताऱ्याला परत आल्यावर मी स्वतःच दवाखान्यात गेले. वर्षभर मलाही तहान लागत होती, आणि वार्षिक परीक्षा होऊ देत, मग बघू, असं मीही म्हणत आले होते. नळी हिरवी झाली. तुमच्या घराण्याच्या रक्तातच आहे, डॉक्टर म्हणाले, पण वेळेत आलात.

पंधरवड्याने संक्रांत आली. शाळेत मोठ्या बाई डबा घेऊन सगळ्यांना तीळगूळ वाटत माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या. “शालिनीबाई, यंदा तुम्हाला सण नाही, नाही का?” म्हणाल्या. आयतं कारण समोर चालून आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बायका हळहळल्या असत्या आणि डबा पुढे गेला असता. मी म्हटलं, “तसं नाही. मला साखरेचा आजार आहे. माझा भाऊ त्यानेच गेला.” मोठ्या बाई गोंधळून म्हणाल्या, “अहो, एवढासा दाणा. नुसता चाखा.” मी त्यांच्याशी नको तितकी मोठ्याने बोलले, नंतर माफीही मागितली.

मधल्या सुट्टीत आमची शिपाईण रखमा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच घोटाळत राहिली. मग खाली बघत म्हणाली, “बाई, आमच्या मालकाच्या पायाची जकम दोन म्हैनं झालं भरंना. पानी बी लय पित्यात. कुटं ऱ्हातो तुमचा डाक्टर?” मी सांगितलं. ती म्हणाली, “संक्रांत झाली की जाऊ आमी.”

मी वर्ग दुसऱ्या बाईंच्या हवाली केला आणि तिला म्हटलं, घर दाखव.