चाखीबायने पाहिलेले तीन खटारे

चाखीबाय कोणत्याही वस्तूची किंमत विचारण्याआधी तिला जीभ लावत असे. चिंच, मीठ, सुंभ, नव्या मडक्याची कड, एवढेच काय, आमच्या आईने तिला दाखवलेले तांब्याचे घंगाळसुद्धा तिने एकदा चाखून परत दिले होते आणि कल्हई कच्ची आहे असे सांगितले होते. कल्हई खरोखरच कच्ची निघाली. माहीमच्या कोळीवाड्यात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

दर गुरुवारी ती सुक्या मासळीचा खटारा घेऊन गिरगावात येई. बैल स्वतः हाके. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खटारा उभा करून ती टोपली डोक्यावर घेई आणि घराघरांत शिरे. आमच्या ओटीवर टेकून ती आईशी भावावरून भांडू लागली की घरातले दुसरे सगळे आवाज आपोआप खाली येत. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत जात असे, इंग्रजीत कविता म्हणत असे, आणि परक्या माणसासमोर मराठीतही दोन वाक्ये धड बोलू शकत नसे. चाखीबायला हे ठाऊक होते. ती मला काही विचारायची आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायची. बाकीची माणसे थांबत नसत, माझ्या वतीने स्वतःच उत्तर देऊन मोकळी होत.

ज्या वर्षीची ही हकीकत आहे त्या वर्षी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फोर्टातल्या कचेरीतली कारकुनी सुटली होती. त्यांची नजर अधू झाली होती आणि बारीक अक्षर लावता येत नव्हते. जुन्या ओळखीतून त्यांना एक लहानसे कंत्राट मिळाले. अँटॉप हिलच्या टेकडीचा मुरूम परळच्या बाजूला सखल जागेत नेऊन टाकायचा. मध्ये रस्ता नव्हता. मिठागरे, खाजण, आणि भरती उतरल्यावर उघडा पडणारा चिखल. बैल आणि गाडीवान भाड्याने मिळणार होते, खटारा स्वतःचा हवा होता. काम होळीनंतर आठ दिवसांत सुरू करायचे आणि एकदा सुरू झाल्यावर थांबवायचे नाही, अशी अट होती. कंत्राट गेले तर गिरगावचे बिऱ्हाड मोडून अलिबागेला मामाकडे जायचे, हे अप्पांनी आईला सांगितले. मला सांगितले नाही. मी माजघराच्या दाराआड उभी होते. अलिबागेत माझी शाळा नव्हती, आणि मॅट्रिकला एक वर्ष उरले होते.

अप्पांनी चाखीबायला खटाऱ्याबद्दल विचारले ते केवळ बोलता बोलता. नवा घ्यावा की जुना, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तिने टोपली खाली ठेवली आणि खटारा कुठे न्यायचा आहे ते विचारले. अप्पांनी सांगितले. मग ती म्हणाली, "रस्त्यावर खटारा रस्त्याच्या जिवावर चालतो, अप्पा. खाजणात त्याला सोताचा जीव लागतो. नवा-जुना मंग बगू." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा धंदा सोडून ती आमच्याबरोबर परळला आली. कागद वाचायला म्हणून अप्पांनी मला बरोबर घेतले होते.

परळच्या सुताराकडे नवा कोरा खटारा उभा होता. साटा, म्हणजे माल भरायची चौकट, तेल पाजून चमकवलेला, चाकांचे आरे एकसारखे, आणि दांडीवर कमळ कोरलेले. अप्पा त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि त्यांचा चेहरा उजळला. चाखीबायने कमळाकडे पाहिलेसुद्धा नाही. ती चाकाशी उकिडवी बसली, अंगठ्याचे नख लाकडात दाबले, आणि उमटलेली खूण अप्पांना बोटाने चाचपायला लावली. लाकूड ओले होते. वैशाखात ते आटणार, आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यात, खुळखुळणार. चाकावरची लोखंडी धाव दोन बोटे रुंद होती. डांबरी-खडीच्या रस्त्यावर ती सुरेख पळाली असती आणि चिखल मात्र सुरीसारखा कापत गेली असती. सुतार चिडला. म्हणाला, बाय, तुम्ही आपली मासळी बघा.

"मासळीच बगतंय," ती म्हणाली. "पार ताजी हाय, म्हणून नको. हे झाड अजून मेलं नाय."

सुतारालाही हसू आले. दोन उन्हाळे वाळलेले लाकूड वापरून रुंद धावेची चाके करून देतो, पण दोन महिने लागतील, असे त्याने कबूल केले. आमच्याकडे नऊ दिवस होते.

दुसरा खटारा घोडपदेवला होता. कंत्राटदारांचे जुने सामान विकणारा एक व्यापारी होता आणि त्याच्याकडे त्या खटाऱ्याचा इंग्रजी कागद होता. अप्पांचे सारे आयुष्य कागदावर गेले होते. ज्याच्याखाली सही आहे ते खोटे असेल, हे त्यांच्या मनात येऊच शकत नसे. कागद मी वाचला. खटारा फारसा वापरलेला नाही, मजबूत आहे, कसल्याही जमिनीवर चालेल, असे त्यात लिहिले होते. मी वाक्यागणिक मराठी करून सांगितले आणि माझा आवाज मला स्वतःलाच जरा मोठा वाटला. शाळेत शिकलेले इंग्रजी घराच्या उपयोगी पडण्याची ती पहिलीच वेळ होती. धाव चांगली चार बोटे रुंद. अप्पांनी चाक हलवून पाहिले. एकही आरा हलला नाही.

चाखीबायने सगळे ऐकून घेतले. मग तिने व्यापाऱ्याला शांतपणे विचारले, "कागद कोरडा हाय. चाक का ओलं?"

चाक धुतले, असे व्यापारी म्हणाला. तिने वाकून तुंब्याला जीभ लावली, थुंकली, आणि माझ्याकडे वळली. "तू बग गो."

तिथे सात-आठ पुरुष उभे होते. त्यांच्या नजरा मला मानेवर जाणवत होत्या. मी वाकले आणि त्या काळ्या, थंड लाकडाला जीभ लावली. खाडीच्या पाण्याची चव माहीमला गेलेल्या कोणालाही कळते. आटलेले, खिळखिळे चाक दोन दिवस खाडीत बुडवून ठेवले की लाकूड फुगते आणि आरे घट्ट बसतात. तीन दिवस ऊन लागले की पुन्हा सुटतात. हे सारे चाखीबायने मला नंतर परतीच्या वाटेवर सांगितले. तेव्हा तिने फक्त एवढेच सुचवले, की खटारा तीन दिवस उन्हात उभा करा, मग घेतो. दुपारी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे, असे व्यापारी म्हणाला. अप्पांचा हात कोटाच्या खिशात गेला. चाखीबाय बाजूला सरकली. पैसे अप्पांचे होते, आणि निर्णयही त्यांचा.

"खारट आहे, अप्पा," मी म्हणाले. "घेऊ नका."

व्यापारी हसला. "इंग्रजी शाळेत हल्ली चाकं चाटायला शिकवतात वाटतं."

"तिथं नाय शिकवत," चाखीबाय म्हणाली. "म्हणून मी आणलंय तिला."

अप्पांनी हात खिशातून रिकामा बाहेर काढला. घरी पोचल्यावर त्यांनी आईला सांगितले ते मी ऐकले. पोरीने सांगितले म्हणून वाचलो, असे ते म्हणाले.

पण खटारा मिळाला नव्हताच. चाखीबायचा स्वतःचा खटारा रस्त्यावरचा, अरुंद धावेचा होता. होळी झाली. पाच दिवस उरले. गुरुवारी चाखीबाय आली तेव्हा आईने तिला सरळ विचारले, की इतक्या मोठ्या मुंबईत चिखलात चालणारा एक खटारा नाही का. चाखीबाय बोंबील मोजत होती. मोजणे चुकले, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "एक हाय," आणि अप्पांना दुसऱ्या दिवशी सकाळी माहीमला बोलावून निघून गेली.

आम्ही गेलो तेव्हा ती ठेवणीतले लुगडे नेसून आपल्या दारात उभी होती. आम्हाला घेऊन ती शेजारच्याच अंगणात शिरली. एक पिकल्या मिशांचा कोळी ओट्यावर जाळे विणत बसला होता. तो तिचा धाकटा दीर. नवरा गेल्यानंतर वाटणीवरून दोघांचे बिनसले होते आणि बारा वर्षे बोलणे नव्हते. दोन्ही घरांची विहीर एकच होती. तो पाण्यावर असला तर ती रिकामी घागर घेऊन परत फिरे, हे आम्हाला कोळीवाड्यातल्या दुसऱ्या बायकांकडून पुढे कळले.

दिराने हातातले जाळे खाली ठेवले नाही. "बारा वर्सं अंगणात पाय नाय टाकलास, वैनी. आज कशाला?"

"भावजींकडं खटारा हाय. तो पायजे."

"तो इकायचा नाय."

"माझ्यासाठी मी आलं नसतं," ती म्हणाली. "या पोरीची शाळा हाय."

मी चपापले. शाळा सुटेल या भीतीचे मी तिला कधीच सांगितले नव्हते. तिलाच काय, कोणालाही सांगितले नव्हते.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मग उठला आणि पडवीतल्या खटाऱ्यावर टाकलेली जुनी जाळी एकेक करून काढू लागला. आतला खटारा काळाभोर, बुटका, बेढब होता. धाव तळहाताएवढी रुंद होती. साटा जमिनीपासून इतका उंच उचललेला, की चाके अर्धी रुतली तरी खालून चिखल लागू नये. अप्पा आता शहाणे झाले होते. त्यांनी विचारले, हाही तीन दिवस उन्हात ठेवायचा का.

"याला नको," चाखीबाय म्हणाली. "याला मी वळखतंय."

अप्पांनी सवयीप्रमाणे टिपणवही काढली आणि हा कोणी बनवला म्हणून तिला विचारले. चाखीबाय खटाऱ्याच्या दांडीवर हात ठेवून उभी होती. तिने तोंड फिरवले. अप्पांना वाटले ऐकू गेले नाही, त्यांनी पुन्हा विचारले. मी त्यांची बाही ओढली. नवऱ्याचे नाव ती घेणार नव्हती, आणि तिच्या हाताखालचे लाकूड त्याने तासलेले होते.

"माझ्या थोरल्याचं काम हाय," दीर म्हणाला आणि अप्पांना भावाचे नाव सांगितले. अप्पांनी ते लिहून घेतले. चाखीबाय त्या नावाकडे पाठ करून उभी राहिली, आणि मग त्याच दिराला म्हणाली, "कण्याला वंगण कधी दिलं व्हतंस? गेल्या दिवाळीला?"

"दर महिन्याला देतो. इचार कोणालाबी."

"मंग ही खीळ का गंजली?"

तिथून जे भांडण जुंपले ते आम्ही खटारा घेऊन निघालो तरी चालूच होते. किमतीचे बोलणे अप्पांनी मध्ये कुठे तरी दोन वाक्यांत उरकून घेतले.

काम सुरू व्हायच्या दिवशी चाखीबाय आणि तिचा दीर दोघेही खाजणाच्या काठावर हजर होते, एकमेकांपासून दहा पावलांवर. मुरुमाने भरलेला खटारा चिखलात उतरला. चाके चार बोटे रुतली, मग पुढे रुतली नाहीत. बैल मान खाली घालून चालत राहिले आणि पलीकडच्या बांधावर चढले. अप्पांना नीट दिसत नव्हते, म्हणून मी त्यांना सांगत होते. दीर ओरडून सांगत होता की उजवा बैल डावीकडे जुंपायला हवा होता. चाखीबाय म्हणत होती की तुझा भाऊ असला बैल कायम उजवीकडेच जुंपायचा.

कंत्राट पावसाळ्यापर्यंत टिकले आणि पुढच्या वर्षीही मिळाले. गिरगावचे बिऱ्हाड हलले नाही. मी परीक्षेला बसले, उत्तीर्ण झाले. आज त्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवते आणि मला वर्गाशी बोलताना भीती वाटत नाही.

निकाल सांगितला त्या गुरुवारी चाखीबायने माझ्या तोंडात खडीसाखर घातली आणि आईला म्हणाली की आता ती गिरगावात येणार नाही. दिराची होडी आणि तिची मासळी एक झाली होती, माहीमच्या बाजारातच सगळे खपत होते. आईला ते खरे वाटेना. एवढ्या वर्षांची घरे अशी सोडतात का, असे तिने रागानेच विचारले.

"इतक्या लांब मी भांडायला येत व्हतं," चाखीबाय टोपली उचलता उचलता म्हणाली. "आता घराशेजारी माणूस हाय."

पुढच्या गुरुवारी दुसरी कोळीण आली. आईने मागितला तो भाव तिने लगेच कबूल केला. आईने बोंबील घेतले, पैसे दिले, आणि ती निघून गेल्यावरही कितीतरी वेळ ओटीवरच उभी राहिली.