अक्कांना थांबवणारं घड्याळ

डॉ. कुमुदिनीबाई पाटील, म्हणजे आम्हा सर्वांच्या डॉक्टर अक्का, यांची आणि माझी पहिली भेट काही गोड झाली नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी असोद्याहून धुळ्याच्या आमच्या रुग्णालयात नोंदणी कारकून म्हणून रुजू झालो. तिसऱ्याच दिवशी अक्का केसपेपरच्या खोलीत आल्या आणि त्यांनी एक जुना कागद मागितला. "सगळे कागद जागेवर आहेत," मी छातीठोकपणे सांगितले. "कशावरून?" त्यांनी विचारले. कागद दुपारी सापडला, तोही खिडकीच्या फटीत वारा अडवायला कोंबलेल्या गठ्ठ्यात. त्या रागावल्या नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी मला गठ्ठे लावायला शिकवले.

शनिवारच्या बैठकीत नव्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना त्या "कशावरून?" हाच प्रश्न विचारत. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, आजवर असेच करत आलो, ही उत्तरे तिथे चालत नसत. आपल्या रुग्णांचे काय झाले ते मोजून सांगा, असा त्यांचा आग्रह असे. माझ्यासारख्या कारकुनालाही त्या पहिल्या रांगेत बसवत, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्यांचा मोठेपणा मात्र मला कळला तो माझ्याच एका लबाडीमुळे. पारोळ्याकडची एक मुलगी सिझेरियननंतर महिनाभर पडून होती. टाके चिघळलेले, ताप हटत नव्हता, तान्ह्याला जवळ घेता येत नव्हते. फेरीच्या वेळी तिच्या आईने हात जोडून विचारले, "अक्का, आमनं काय चुकनं?" त्याच दिवशी अक्कांनी मला वर्षभरात कोणत्या डॉक्टरांच्या किती जखमा चिघळल्या, याचा तक्ता करायला सांगितला.

तक्ता तयार झाला. सर्वांत जास्त जखमा अक्कांच्याच रुग्णांच्या चिघळल्या होत्या. मी त्यांचे तेवढे कागद कपाटावर लपवले आणि नवा तक्ता नेऊन दिला. त्यांनी तो शस्त्रक्रियांच्या रजिस्टरशी ताडून पाहिला.

"माझे कागद कुठे आहेत?"

मी कपाटावरून गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"त्या पोरीच्या आईला मी काय सांगू, भाऊ? आमच्या कारकुनाने माझी अब्रू राखली म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शनिवारी पूर्ण तक्ता त्यांनी स्वतः भिंतीवर लावला, स्वतःचे नाव सर्वांत वर. मग ऑपरेशन थिएटरमधल्या परिचारिका लीलाबाई रडतच उठल्या. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक व्हायला वाफेच्या यंत्रात ठरलेला वेळ ठेवावी लागतात. अक्का रोज सर्वांआधी हजर, म्हणून त्यांच्यासाठी यंत्र वेळेआधीच उघडले जाई. "तुमले थांबा कसं म्हनू, अक्का?" लीलाबाई म्हणाल्या. आदरापोटी मी जे केले होते, तेच त्यांनीही केले होते.

अक्कांनी त्यांना शेजारी बसवून घेतले. यंत्राच्या वर घड्याळ लावले आणि नियम केला, की लीलाबाई हो म्हणेपर्यंत शस्त्रक्रिया सुरू करायची नाही, अक्कांनी स्वतःसुद्धा. रविवारी एसटीने पारोळ्याला जाऊन त्यांनी त्या आईला सांगितले, "चूक आमची होती, तुमची नव्हती." नियमाला चांगले म्हणायला मात्र त्यांनी पुढच्या वर्षीच्या तक्त्याची वाट पाहिली.

नव्वदच्या दशकात संगणक आला. तो शिकायला त्यांनी मला जळगावला पाठवले. "आता नोंदी चुकणार नाहीत," मी परत येऊन म्हणालो. पुढचा प्रश्न काय आला, हे सांगायला नकोच.

माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी अक्का तयार होऊन आल्या. लीलाबाईंनी घड्याळाकडे पाहिले. "अक्का, सात मिनिटं बाकी शेतस. बाहेर बसा." अक्का निमूटपणे बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसल्या. त्या सात मिनिटांनी मला जेवढा धीर दिला, तेवढा आयुष्यात कोणी दिला नाही.

आज, दोन हजार साली, अक्कांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांनी आता उसंत घ्यावी, गुडघे सांभाळावेत आणि ठणठणीत शंभरी गाठावी. "कशावरून गाठीन?" असे त्या विचारतील. पुरावा माझ्याकडे नाही, मनापासूनची इच्छा तेवढी आहे. सगळीकडे सर्वांआधी पोहोचायची त्यांची सवय आम्हाला ठाऊक आहे. पण वरच्या त्या एका ठिकाणी पोहोचायची घाई नको. थांबा, अक्का. लीलाबाईंनी अजून हो म्हटलेले नाही.