कागदावर उतरलेले मिस्तरी

तायडे मिस्तरी समोरच्या माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी त्याची मूठ बघत. मुठीत तूर असली की एक दाणा उचलून दाढेखाली धरत, डोळे मिटत आणि कट्ट असा आवाज झाला नाही की ढिगाकडे बोट दाखवत, "याले अजून दोन दिवस ऊन दाखवा." अकोल्याच्या आमच्या दालमिलमध्ये कित्येक वर्षं हाच शेवटचा शब्द होता. मालकसुद्धा त्यापुढे बोलत नसत.

मी अमरावतीहून तिथे गुणवत्ता अधिकारी म्हणून लागले, तेव्हा बॅगेत ओलावा मोजायचं नवंकोरं यंत्र होतं आणि डोक्यात बरीच हवा. पहिल्याच दिवशी मी यंत्राची आणि मिस्तरींच्या दाढेची शर्यत लावली. पाच पोती तपासली, पाचही वेळा यंत्राने त्यांचीच री ओढली. ते हसले नाहीत. म्हणाले, "यंत्र चांगलं हाये, मॅडमबाई. पन ते फक्त ओल सांगते. दाना आवाजात लय काही सांगते. टरफल सैल हाये का घट्ट, डाळ फुटन का चुरा होईन, सारं." मला ती म्हाताऱ्याची फुशारकी वाटली.

दातांना ते जिवापाड जपत. तंबाखू नाही, सुपारी नाही. सकाळी कडुनिंबाची काडी, आणि चहा बशीत ओतून पार गार झाल्यावर. आम्ही चिडवायचो, "काका, हे काय सरबत पिता?" त्यावर ठरलेलं उत्तर, "माहं औजार हाये हे. सुतार रंध्यावर उकळतं पानी टाकते काय?"

मग मिलचा अर्धा हिस्सा एका परदेशी कंपनीने घेतला आणि मुंबईहून नवे साहेब आले. पहिल्याच सभेत त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून सांगितलं की जग बदलतंय, आपण बदललो नाही तर संपलो. मागून मिस्तरी म्हणाले, "बदलाव ना साहेब. ऋतूबी बदलतेच. पन तो कोनाले कामावरून काढत नाई." सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

"एका माणसाच्या दाढेवर कारखाना चालतो, हे तिकडच्या लोकांना पटणार नाही," साहेबांनी मला सांगितलं. "त्यांच्याकडून सगळं लिहून घ्या. मग त्यांना मोकळं करता येईल." मी वही घेऊन मिस्तरींच्या शेजारी बसू लागले. टरफल सुटायला तुरीला तेल किती पाजायचं, ढीग किती वेळ झाकायचा, पाणी कधी मारायचं, त्यांनी काही म्हणजे काही लपवलं नाही. हमालांनी त्यांना सावध केलं, घरून बायकोनेही बजावलं, तरी ते सांगत राहिले.

एक दिवस त्यांनी मला विचारलंच, "मॅडमबाई, हे सारं कागदावर उतरलं, मंग माही गरज राहीन का?"

"काका, तुमच्याशिवाय मिल चालेल का?" मी म्हणाले. सगळं ठाऊक असून म्हणाले.

"तुमच्या शब्दावर हावो मी," ते म्हणाले. "आमच्या आज्याले अक्षराजवळ फिरकू देत नव्हते. आता कोनी माहं काम लिवून ठेवतो म्हनते, तं मी नाई कसं म्हनू?"

एवढं एकच वाक्य मी वहीत लिहिलं नाही.

वहीवरून मी जो तक्ता तयार केला, त्यात एक रकाना होता, 'दाण्याचा आवाज'. व्हिडिओ कॉलवर परदेशी अधिकाऱ्याने विचारलं, हा कशात मोजतात? साहेब म्हणाले, काढून टाका. मी काढून टाकला. पुढच्याच महिन्यात मिस्तरींच्या हाती निरोपाचं पत्र पडलं. सोबत जोडलेला कागद त्यांनी मला दाखवला. सर्व माहिती पूर्णपणे मिळाल्याचा तो दाखला होता. "यावर तुमची सही काहून हाये?" एवढंच त्यांनी विचारलं. मी कागदाची घडी घालून तो त्यांना परत दिला.

पुढच्या हंगामात आफ्रिकेची तूर आली. यंत्र म्हणालं ओल बरोबर, तक्ता म्हणाला सगळं बरोबर, आणि डाळीचा चुरा झाला. टरफल सुटेचना. परदेशी पाठवलेला सगळा माल परत आला. साहेबांनी जराही न लाजता सांगितलं, "तायडेंना बोलवा." मी भातकुलीजवळच्या त्यांच्या गावी गेले. मला वाटलं होतं दारातूनच हाकलतील. उलट ते चपला घालून निघाले! मिलमध्ये येऊन एक दाणा दाढेखाली धरला. "टरफल लय घट्ट हाये. तेल ज्यादा पाजा, ऊन दोनदा दाखवा." साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "लिहून घेतलं ना?"

घेतलं होतं. तक्त्याची सुधारित आवृत्ती निघाली. खाली 'तयार करणार' म्हणून माझं नाव आहे, मिस्तरींचं कुठेच नाही. बदल यशस्वी केल्याबद्दल साहेब मोठ्या जागेवर गेले, मला अमरावतीचं ऑफिस मिळालं. आम्हाला बदल चांगलाच मानवला. माझी मलाच किळस येते, पण पगार मी दरमहा घेते.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या घरी गेले. साखरेच्या आजाराने एकूणएक दात गेले होते, तोंडाचं बोळकं झालं होतं. त्यांनी सवयीने आधी माझी मूठ बघितली. ती रिकामी होती. मी माफी मागू लागले आणि मला रडू आवरेना.

"रडू नका, मॅडमबाई," ते म्हणाले. "दात गेले त्याचं काही नाई. तुमच्या कागदावर हायेत ना ते? तिथं कीड लागत नाई."

त्यांच्या बायकोने चहा आणला आणि नेहमीसारखी बशी पुढे केली. मिस्तरींनी ती बाजूला सारली.

"राहू दे व," म्हणाले, "आता कोनासाठी गार कराव?" आणि वाफाळता कप तसाच तोंडाला लावला.