चाचांनी काढलेलं चित्र

भिंगवाले चाचा समोरच्याशी बोलतानाही डावा डोळा मिटून घ्यायचे. शारजाच्या औद्योगिक भागात त्यांचं सूक्ष्मदर्शक दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे रत्नागिरीचे, शिक्षण नववी. ही नववी मी मुद्दाम सांगतेय, कारण मी प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. आणि ती गोष्ट मला अजून डाचते.

लग्न होऊन पुण्याहून दुबईला आले तेव्हा माझ्या सामानात अल्कोहोलने भरलेल्या कुप्या होत्या. हिमाचलच्या ओढ्यांकाठून गोळा केलेल्या हिवाळी स्टोनफ्लाय. जिऱ्याएवढे काळे किडे, ऐन बर्फात बाहेर पडणारे, सगळे दिसायला सारखे. जात ओळखायची ती नराच्या शेपटाशी, पाठीवर वळलेल्या बारीक आकड्यावरून. मला त्या आकड्याचे दोन आकार सापडले होते, म्हणजे एकाच प्रजातीतल्या दोन नव्या जाती! अर्धवट सुटलेलं संशोधन या एका निबंधाने तरी मार्गी लागेल, अशी माझी आस होती.

मुलगी मोठी झाल्यावर कुप्या पुन्हा काढल्या, सहा वर्षं त्यांवर खपले. निबंध लिहायला घेतला आणि नेमकं तेव्हा सूक्ष्मदर्शक बिघडलं, म्हणून चाचा दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या आमच्या घरी आले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मॅडम, दोन दिसायला लागलं की आधी स्क्रू बघायचा, मग वस्तू." स्क्रू आवळून झाल्यावर तपासणीसाठी त्यांनी माझेच दोन किडे भिंगाखाली घेतले.

"हे वेगवेगळे म्हणून ठेवलेत काय?"

"हो. दोन जाती आहेत."

"नाय हो मॅडम. ह्याची पकड उघडी ऱ्हायलीय, त्याची मिटलीय. पकड एकच हाय. खलास."

माझी दहावीतली मुलगी तिथेच बसली होती. "आई, यू टुक सिक्स इयर्स! चाचा टुक टू मिनिट्स!"

"असं बोलू नको बेटा," चाचा म्हणाले, "तुझ्या मम्मीने बर्फात जाऊन धरले नसते, तर मी काय बघणार होतो?"

त्या समजूतदारपणाने मी जास्तच जळले. त्यांच्या चहात साखर घालायला विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते. "मस्त झालाय," म्हणून त्यांनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक 'उघडा' आकडा सुईने हळूच दाबून पाहिला. तो खाली बसला आणि हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसू लागला. माझी एक जात तिथेच संपली. मग मुकाट्याने चाचांकडे गेले आणि निबंधासाठी चित्र काढून मागितलं. त्यांनी ते एका बैठकीत काढलं. त्यांचा हात थरथरायचा, पण कागदाला टेकला की स्थिर व्हायचा. मला मात्र तसली एक रेघ कधी जमली नाही.

निबंध छापून आला तोवर चाचा दुकान बंद करून रत्नागिरीला कायमचे परतले होते. चित्राखाली माझं नाव होतं. नजरचुकीने नव्हे, मीच तसं लिहून दिलं होतं. तरी पान त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "मॅडम, मुबारक हो. चित्राखाली तुमचं नाव बरं दिसतं. आकड्याचं टोक जरा जास्त वाकलंय, कुणी विचारलं तर सांगा, चूक चाचांची."

ते मी कितीदा तरी ऐकलं. चित्र माझं नाही, हे मला एकदाही म्हणवलं नव्हतं. आणि ते मात्र चूकसुद्धा सहज स्वतःची म्हणून मोकळे झाले. मला त्याचाही हेवा वाटला.